लाल सॉकेट आणि शेंडे मॅडम

संगणकाच्या पडद्यावर 'डिस्कमध्ये दोष आढळला, दुरुस्त करू का?' असं आलं की ज्याचं बोट आपोआप 'हो'वर जातं, त्याचं बोट पिरगाळलं पाहिजे, असं शेंडे मॅडम म्हणायच्या. नुसत्या म्हणायच्या नाहीत. आमच्या ऑफिसातल्या एका कारकुनाचं त्यांनी एकदा खरंच पिरगाळलं होतं. तो 'आई गं' करून ओरडला, तर म्हणाल्या, "दुखलं ना? मंग आता ध्यानात राहते."

हे मी काही शांत डोक्यानं लिहायला बसलेले नाही. परवा आमच्या जुन्या संस्थेतून कार्यक्रमाचं निमंत्रण आलं. जाड, चकचकीत कार्ड. 'डिजिटल ध्वनिग्रंथालयाचे शिल्पकार' म्हणून सचिवसाहेबांचा सत्कार आहे म्हणे. शिल्पकार! वाचलं आणि तळपायाची आग मस्तकात गेली. ज्या माणसामुळे ते ग्रंथालय बुडायला आलं होतं त्याच्या गळ्यात हार, आणि जिनं ते वाचवलं तिचं नाव कार्डावर कुठे कोपऱ्यातसुद्धा नाही. म्हणून मी लिहिते आहे. संस्थेचं नाव घेत नाही, कारण ती मंडळी अजून त्याच खुर्च्यांवर बसली आहेत आणि मला कोर्टाच्या चकरा नको आहेत.

आमची संस्था अंध विद्यार्थ्यांसाठी पुस्तकं ध्वनिमुद्रित करते. लोक येतात, छोट्या खोलीत माइकसमोर बसून पुस्तक वाचतात, आणि ते वाचन मुलं आपापल्या छोट्या प्लेअरमध्ये भरून घेऊन जातात. मी तिथे ग्रंथपाल होते. सगळी पुस्तकं एका संगणकाच्या डिस्कवर होती. त्या डिस्ककडे लक्ष ठेवायला शेंडे मॅडम यायच्या, आपखुशीनं. पॉलिटेक्निकमध्ये इलेक्ट्रॉनिक्स शिकवत होत्या. तिथल्या साहेबांशी जुळलं नाही, तेव्हा त्यांच्या टेबलावर राजीनामा ठेवून, वर 'वाचता येते ना?' असं विचारून त्या घरी आल्या होत्या. राहायच्या इंदोऱ्यात. उन्हाळ्यात अख्ख्या तोंडाला पांढरा दुपट्टा गुंडाळून, गॉगल लावून स्कूटरवर यायच्या. पर्समध्ये स्क्रू-ड्रायव्हर, वायरी आणि ऊन लागू नये म्हणून एक कांदा. कोणी कांद्याला हसलं की म्हणायच्या, "हस तू. चक्कर येऊन पडशीन तेव्हा मलेच मागशीन."

आल्या आल्या चहा विचारला तर खेकसायच्या. काम झाल्यावर मात्र बशीत ओतून, फुर्र आवाज करत प्यायच्या. डिस्कचा आवाज ऐकायची त्यांची एक पद्धत होती: स्क्रू-ड्रायव्हरचं टोक डिस्कच्या अंगाला लावायचं आणि मूठ कानाला. तेव्हा खोलीत कोणी हूं की चूं करायचं नाही. एकदा समितीवरच्या एक बाई बघायला आल्या होत्या. त्या कौतुकानं म्हणाल्या, "आपल्या अंध मुलांचे कान किती तेज असतात नाही, त्यांनाच ऐकवा ना!" मॅडमनी स्क्रू-ड्रायव्हर खाली ठेवला. "कान सगळ्यायले असतात बाई. तुमी लावत नाही." त्या बाई पुन्हा फिरकल्या नाहीत.

ऐकण्याचं हे वेड त्यांना बापाकडून आलं होतं. माहेर कन्हानचं, वडील कोळशाच्या खाणीत. "छत पडाच्या आधी आवाज करते, असं माझा बाप म्हणे," त्या सांगायच्या. "ज्यानं आइकला तो संध्याकाळी घरी आला. मशीनचंही तसंच आहे वं मंदा. ते आधी सांगते. आपण म्हणतो, चालून राहिलं ना, मंग चालू दे."

कुठलीही बिघडलेली डिस्क समोर आली की त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला: शेवटी याला कोणी हात लावला आणि काय केलं? आणि लोक ठरलेलं खोटं बोलायचे. कळमेश्वरच्या औद्योगिक वसाहतीतला एक कारखानदार एकदा माझ्या ओळखीनं डिस्क घेऊन आला. कारखान्याचे सगळे नकाशे त्यात. म्हणाला, आपोआप बंद पडली, कोणी काही केलं नाही. मॅडमनी डिस्क उलटीपालटी केली, ओल येऊन फुगलेल्या लेबलावरून नख फिरवलं.

"फ्रीजमध्ये ठेवली होती का?"

तो गोरामोरा झाला. "हव. साळा म्हणे, थंडी केली का चालते."

"तुझ्यावाला साळा कायचा डॉक्टर आहे?"

"मोबाइलचं दुकान आहे त्याचं."

"मंग आता ताप आला तर त्याच्याचकडे जाजो. फ्रीजमध्ये बसवीन तो तुले."

नकाशे बरेचसे निघाले, पण त्या माणसाला त्यांनी असं झापलं की जाताना तो माझ्याही पाया पडून गेला.

फाइल सिस्टिम म्हणजे काय हे मला आणि मुलांना त्यांनीच समजावलं. आमच्याकडे जुन्या काळच्या कॅसेटी होत्या, प्रत्येकीवर ब्रेलमध्ये नाव. त्यांनी दोन-चार कॅसेटी मुलांच्या हातात दिल्या आणि लेबलं टराटरा उपटली. "आता सांगा, कॅसेट कोरी झाली का?" मुलं म्हणाली, नाही. "पण कोणती कोणाची ते समजते का?" नाही. "बस, एवढंच आहे. आतलं वाचन जागेवर असते, नावं आणि पत्ते बिघडतात. आणि ते रिपेअर म्हणता ना तुमी, तो आडदांड चपराशी आहे. ज्याच्यावर नाव नाही त्यावर आपल्या मनानं नंबर चिकटवते. त्याले तुमचा अभ्यास गेला का राहिला, काही घेणंदेणं नाही. म्हणून पयले अख्ख्या डिस्कची नक्कल काढाची. जे काय कराचं ते नकलेवर." त्या वर्गात पौर्णिमा होती. नरखेडकडची, घरी संत्र्याची बाग, एम.ए.च्या शेवटच्या वर्षाला. राज्यशास्त्र. नंतर तिनं ती सगळी लेबलं जमिनीवरून चाचपून गोळा केली, एकेक कॅसेट वाजवून पाहिली आणि जिची तिला परत चिकटवून दिली.

तिची उन्हाळी परीक्षा तोंडावर आली होती तेव्हाची गोष्ट. ऊन असं की दुपारी रस्त्यावर कुत्रं दिसत नव्हतं. पौर्णिमा हेडफोन काढून माझ्या टेबलाशी आली. "मॅडम, घटनादुरुस्तीच्या धड्यात मधातच कोणीतरी वांग्याच्या भरताची कृती सांगून राहिलं." मी ऐकलं. खरंच, घटनादुरुस्ती चालू असताना एकाएकी 'वांगी तेल लावून भाजून घ्यावीत.' दुसरं पुस्तक उघडलं तर उघडेना. काही नावांच्या जागी नुसत्या चौकटी. मला आधी हसूच आलं. मी मॅडमना फोन केला. त्या कन्हानला भावाकडे गेल्या होत्या. "दोन फायलींचे पत्ते एकमेकात शिरले आहेत," त्या म्हणाल्या. "मशीन बंद कर. कोणाले हात लावू देऊ नको. उद्या सकाळी येतो मी."

मी मशीन बंद केलं, वर कागद चिकटवला: हात लावू नये. आणि घरी गेले. पण सचिवसाहेबांना एक भाचा होता, तुषार. त्याला संगणकातलं कळतं असं त्याचं स्वतःचं आणि मामाचं मत होतं. संध्याकाळी मामांनी त्याला बोलावलं. मॅडम कशाला पाहिजेत, आपला पोरगा आहे ना घरचा!

सकाळी मॅडम आल्या. दुपट्टा सोडत त्यांनी तोच ठरलेला प्रश्न विचारला: शेवटी याला कोणी हात लावला? तुषार खिडकीशी उभा. "काही नाही केलं मॅडम, फक्त पाहून राहिलो होतो."

मॅडमनी डिस्क काढून आपल्या मशीनला लावली आणि नक्कल काढायला घेतली. फायलींची नाही, अख्ख्या डिस्कची, रिकामी दिसते त्या जागेसकट. ते काम तासन्‌तास चालतं. नक्कल निघाल्यावर त्यांनी सगळ्यात ताजं काय आहे ते पाहिलं. एक भलामोठा व्हिडिओ.

"हे काय आहे बे?"

"वार्षिक समारंभाचा व्हिडिओ. मामाचं भाषण आहे त्यात. रिपेअर झाल्यावर डिस्क चालते का नाही ते पाहाले टाकला."

"अन्‌ रिपेअरनं नंबरवाल्या फायली केल्या असतीन, त्या?"

"त्या फालतू होत्या, नुसते नंबर. कचरा म्हणून डिलीट केल्या. जागा पाहिजे होती ना."

मॅडम मग अशा कडाडल्या की खालचा वॉचमन वर धावत आला. "कचरा? अबे भैताडा, पोरायचा अभ्यास होता तो! नावं गेली होती, अभ्यास नव्हता गेला! डिलीट केलं तरी मले काढता आलं असतं. तू त्याच्या डोक्यावर मामाचं भाषण आणून बसवलं!"

सचिवसाहेब मध्ये पडले. "अहो मॅडम, लहान आहे तो. शिकतोय."

"शिकाचं तर सोताच्या डिस्कवर शिकावं. आंधळ्या पोरायच्या कायले?"

मग मॅडमनी त्या नकलेतून एकेक पुस्तक उपसून काढलं. पुसलेल्या फायलींच्या सुरुवाती शोधायच्या, तुकडे जोडायचे, बाहेर काढायचं. नावं नव्हतीच, तेव्हा ओळखणार कशी? मुलं बसली. हॉस्टेलची झाडून सगळी. हेडफोन लावून थोडं ऐकायचं आणि सांगायचं: हे अर्थशास्त्र, जोशीबाईंचा आवाज, ही कादंबरी, चौथं प्रकरण, हे वांग्याचं भरीत. मॅडम चिडचिड करत, घाम पुसत नावं देत होत्या. कोणी चुकीचं सांगितलं की टपली बसायची. बहुतेक सगळं परत आलं. पौर्णिमाच्या राज्यशास्त्राच्या पुस्तकातला पंचायत राजचा भाग मात्र सापडेना. मॅडमनी नक्कल तीनदा चाळली. शेवटी पौर्णिमाला समोर बसवलं.

"गेलं, पोरी. त्या जागेवर आता भाषण आहे. त्याच्या खालून काही निघत नाही. तुले खोटी आशा नाही दाखवत."

"पूर्ण गेलं?"

"पुरं."

पौर्णिमानं गळ्यातला हेडफोन काढून गुंडाळला. मग तिनं विचारलं, "छापलेलं पुस्तक तर असंन ना, मॅडम? कोणी वाचून दिलं तर होते." आणि सगळ्यांची तोंडं माझ्याकडे वळली. काय सांगणार होते मी? आमच्या संस्थेत नियमच होता: पुस्तक रेकॉर्ड झालं की छापील प्रत रद्दीत. सचिवसाहेबांचा नियम. आंधळ्यांना छापील पुस्तकं कशाला, कपाटं अडतात. मी कितीदा भांडले होते त्यावरून! आणि हे पुस्तक बाजारात केव्हाचं मिळत नव्हतं. त्या धड्यावर हमखास एक मोठा प्रश्न यायचा. पोरगी पहिल्या वर्गाच्या काठावर होती आणि पहिला वर्ग आला तर पुढे प्राध्यापकीची परीक्षा द्यायची असं तिनं घरी सांगून ठेवलं होतं. घरी तिच्या लग्नाची बोलणी चालू होती, तीही एका आंधळ्याच माणसाशी, कारण नातेवाइकांच्या मते तेच बरोबर जुळतं. पहिला वर्ग आला तर थांबू, असं बाप म्हणाला होता. 'पाहतो मी,' एवढंच मॅडम म्हणाल्या.

एवढ्यावर थांबतील त्या मॅडम कशाच्या. "डिस्क चांगली आहे," त्यांनी मला सांगितलं. "तपासली. केबल चांगली, मेमरी चांगली. मंग बिघडली काहून? कारण नाही सापडलं तर नवीनही बिघडते." नव्या डिस्कवर सगळं चढवून त्या रोज येऊन नुसत्या बसू लागल्या. आणि एका दुपारी, जेवणं झाल्यावर, त्यांच्या डोळ्यांदेखत संगणक फटकन बंद पडून पुन्हा सुरू झाला. दिवे चालू, पंखा चालू, फक्त संगणक बंद. दुसऱ्या दिवशी पुन्हा, त्याच सुमाराला. लिहिता लिहिता डिस्कचा वीजपुरवठा तुटला की पत्ते अर्धवट राहणारच.

"यूपीएस ओरडला काहून नाही?" मॅडम म्हणाल्या. वीज गेल्यावर संगणकाला धरून ठेवणारं ते यंत्र. त्यावर भार जास्त झाला की ते टीं-टीं करून सांगतं. मॅडमनी त्याची पेटी उघडली. आतल्या भोंग्याच्या तारा कापलेल्या. इलेक्ट्रिशियनला बोलावलं तर तो म्हणाला, साहेबांनीच सांगितलं होतं. एका कादंबरीच्या रेकॉर्डिंगमध्ये ती टीं-टीं आली होती, नायिका रडत असताना, आणि देणगीदारांना ते आवडलं नव्हतं. आवाज जपणाऱ्या संस्थेनं आवाज कापला! मॅडमच्या नाकपुड्या फुगल्या.

मग त्यांनी वायर धरली. यूपीएसच्या लाइनवर आमच्याकडे लाल सॉकेटं होती, फक्त संगणकांसाठी. भिंतीच्या कडेनं वाकून, कपाटं सरकवत त्या निघाल्या, मागे मी. रेकॉर्डिंगची खोली, व्हरांडा, आणि वायर शिरली थेट सचिवसाहेबांच्या केबिनमध्ये. केबिनमध्ये लाल सॉकेट होतं आणि त्यात कूलर. तोही घरगुती नाही, लग्नाच्या मंडपात लावतात तसला दांडगा. लाइन गेली तरी साहेबांचा कूलर थांबू नये म्हणून. साहेब जेवून येणार, कूलर लावणार, तो सुरू होताना इतकी वीज ओढणार की यूपीएस मान टाकणार. आत्ताही साहेब टेबलावर पाय टाकून घोरत होते आणि खोलीत वाळ्याचा मस्त गार वास होता.

मॅडमनी प्लग उपटला. कूलर घरघरत थांबला. थोड्या वेळानं साहेबांचे डोळे उघडले.

"काय आहे हे?"

"तेच विचाराले आली मी. हे काय आहे?"

"एवढ्या उन्हात माणसानं काम करायचं की नाही?"

"काम? घोरत होते तुमी! दुपारच्या गार झोपेपायी रोज थोडी थोडी करून या पोरायची पुस्तकं खाऊन राहिले तुमी. ते मशीन वरडून सांगत होतं, तर त्याचा गळा कापला. छापील पुस्तकं होती, ती रद्दीत घातली. वरून सोताचं भाषण त्या पोरीच्या धड्यावर चढवलं. लाज नाही वाटत?" आणि हातातला प्लग त्यांनी साहेबांच्या टेबलावर, त्यांच्या पायांशी ठेवला.

मला वाटलं, आता तरी हा माणूस वरमेल. कुठलं काय! आठवड्याच्या आत समितीची सभा झाली आणि ठराव आला: बाहेरील व्यक्तीच्या अनधिकृत हाताळणीमुळे डिस्क करप्ट झाली, सबब सदर व्यक्तीस आवारात प्रवेश देऊ नये. मी सभेत उभी राहून सगळं सांगितलं: भाचा, व्हिडिओ, भोंगा, कूलर. अध्यक्ष म्हणाले, "मंदाताई, संस्थेचं वातावरण बिघडवू नका." सगळ्यांनी माना हलवल्या. मात्र दुसऱ्याच दिवशी इलेक्ट्रिशियननं कूलरसाठी वेगळं सॉकेट बसवलं आणि भोंगाही जोडून टाकला. म्हणजे माहीत सगळ्यांना सगळं होतं. या माणसांचा मला आजही संताप येतो, आणि तो गेलेला मला नको आहे.

मॅडमना मी फोनवर ठराव वाचून दाखवला. "ठीक आहे," म्हणाल्या आणि विचारलं, "पोरीचा तो पेपर कधी आहे?"

पेपरच्या आदल्या दिवशी मी वर ग्रंथालयात होते. भर दुपार. फाटकाकडून कोणाचा तरी मोठ्यानं बोलण्याचा आवाज येत होता. खिडकीतून पाहिलं. फाटकाबाहेर कडुनिंबाच्या तुटपुंज्या सावलीत स्कूटर उभी होती, आणि तिच्यावर एका बाजूला पाय सोडून शेंडे मॅडम बसल्या होत्या. हातात एक फाटकं, कव्हर गेलेलं पुस्तक. कुठल्या तरी जुन्या विद्यार्थ्याच्या गावी, अडगळीतून मिळवलं होतं, हे मला नंतर पौर्णिमानं सांगितलं. पौर्णिमा फाटकाच्या आतल्या बाजूला कट्ट्यावर बसून गजांमधून फोन बाहेर धरून होती.

"ग्रामसभा वर्षातून ठरावीक वेळा भरवणे बंधनकारक असते," मॅडम वाचत होत्या, घोगऱ्या, चिडक्या आवाजात. "असते म्हणे! हे पुस्तकात लिहिलं तेवढं लिहिजो, पेपरात. आमच्या गावात भरत नाही ते नको लिहू."

"मॅडम, तुमचं मधातलं कापू का रेकॉर्डिंगमधून?"

"कापाले टाइम नाही. आइक. 'सरपंचाचे अधिकार'..."

वॉचमन आतून आला, हात जोडून. "मॅडम, साहेब म्हणून राहिले, फाटकाजवळ नका बसू."

मॅडमनी मान वर केली नाही. "चूप बस गा, पोरीचा पेपर आहे." आणि बोटानं ओळ धरून त्या पुढे वाचू लागल्या, मघापेक्षा मोठ्यानं.

मी पाण्याची बाटली घेऊन खाली गेले. त्यांनी हातानंच मला थांबवलं, धडा संपेपर्यंत पाणी घेतलं नाही. मग बाटली अर्धी रिकामी केली, पुस्तक गजांतून पौर्णिमाच्या मांडीवर टाकलं, दुपट्टा गुंडाळला आणि निघून गेल्या. त्यानंतर मी त्यांना पाहिलेलं नाही. पौर्णिमाला पहिला वर्ग मिळाला. पंचायत राजचा तो धडा मी त्याच आवाजात, शिव्यांसकट, ग्रंथालयात घातला आणि मुलं आजही तोच ऐकतात.